लेन्स बोलते आहे, बोलू द्या

या वेळी कॅमेऱ्यातल्या आवाजांबद्दलची पत्रं इतकी आली की फ्लॅश आणि रंगांचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी मुळात कॅमेरे उघडून दुरुस्त करणारा माणूस. फोटो बरे काढतो, आवाज त्याहून बरे ओळखतो.

प्रश्न : नवी 70-300 मिलिमीटरची झूम लेन्स घेतली. शटरचं बटण अर्धं दाबलं की आत ‘टक’ होतं आणि बारीक घरघर सुरू होते. बटण सोडल्यावर एक-दोन सेकंदांनी पुन्हा ‘टक’, मग सगळं शांत. माझ्या जुन्या साध्या लेन्सला असं काही नव्हतं. झोपलेल्या नातीचे फोटो काढताना तर हा आवाज फारच जाणवतो. लेन्स बदलून मागू का?

उत्तर : नका मागू. बदलून आलेलीही हेच करेल. पण आवाज कोणत्या क्रमाने येतात हे तुम्ही नीट लिहिलंत ते फार बरं केलंत. ‘लेन्समधून आवाज येतो’ एवढीच चिठ्ठी लावून लोक लेन्स पाठवतात, आणि मग मला अर्धा दिवस तिच्याशी कान लावून बसावं लागतं.

तुमच्या लेन्समध्ये हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा, म्हणजे स्टॅबिलायझर, आहे. कॅनन तिला आयएस म्हणतं, निकॉन व्हीआर, सिग्मा ओएस, टॅमरॉन व्हीसी, सोनी ओएसएस. पाट्या वेगळ्या, काम एकच. आतल्या भिंगांपैकी एक छोटा गट चौकटीत मोकळा ठेवलेला असतो, म्हणजे तो वर-खाली आणि डावी-उजवीकडे थोडा सरकू शकतो. काम नसताना बऱ्याच लेन्समध्ये एक खटका त्याला मधोमध धरून ठेवतो. तुम्ही बटण अर्धं दाबता, खटका सुटतो. हा पहिला ‘टक’.

मग घरघर. लेन्समध्ये दोन चिमुकले जायरो सेन्सर असतात. लेन्सचं तोंड वर-खाली किती वेगाने डुलतंय ते एक मोजतो, डावी-उजवीकडचं दुसरा. त्यावरून आतली चिप हिशेब करते आणि चुंबकाशेजारच्या तारेच्या कॉइलला वीज देते. कॉइल त्या भिंगगटाला असं सरकवते की हाताच्या हालचालीने सरकलेलं चित्र पुन्हा जागेवर यावं. गट खरंच किती सरकला, हे सांगायला वेगळे सेन्सर असतात. ही मोजणी आणि दुरुस्ती सेकंदाला हजारो वेळा चालते. माणसाचा हात कधीच पूर्ण स्थिर नसतो, त्यामुळे या भिंगगटालाही बटण दाबलेलं असेपर्यंत विसावा नाही. तुम्ही ऐकता ती घरघर ही.

बटण सोडल्यावर यंत्रणा लगेच थांबत नाही. पुढचा फोटो काढायचा असेल म्हणून थोडी वाट पाहते, मग गट मध्यावर आणते आणि खटका लावते. हा दुसरा ‘टक’. या दोन्ही क्षणी व्ह्यूफाइंडरमधलं चित्र किंचित उडी मारल्यासारखं दिसलं तर तेही चालतं.

खात्री हवी असेल तर लेन्सच्या बाजूचं स्टॅबिलायझरचं बटण बंद करा आणि शांत खोलीत पुन्हा अर्धं दाबून पाहा. घरघर गेली तर ती स्टॅबिलायझरचीच होती. एखादी छोटी ‘झिक’ उरली तर ती फोकसची मोटर. ती फोकस बदलतानाच बोलते, सतत नाही.

एसएलआर (आत आरसा असलेल्या) कॅमेऱ्यांसाठी अशी पहिली लेन्स कॅननने 1995 मध्ये आणली, तीही 75-300 झूमच होती. त्या पिढीच्या लेन्स आजच्यापेक्षा बऱ्याच मोठ्याने बोलायच्या. तेव्हा कुणी फारशी तक्रार केल्याचं मला आठवत नाही, बहुधा फिल्म गुंडाळण्याचा आवाजच त्याहून मोठा होता म्हणून. आणि नात जागी होईल ती शटरच्या आवाजाने. कॅमेऱ्यात सायलेंट शटर असेल तर ते वापरा.

प्रश्न : मिररलेस (आरसा नसलेला) कॅमेरा बंद करून हलवला की आत डबीत खडा असल्यासारखं काहीतरी आपटतं. चालू केला की आवाज जातो. काही तुटलंय का?

उत्तर : चालू केल्यावर जातो, यातच उत्तर आहे. तुमच्या कॅमेऱ्यात लेन्समधल्या भिंगांऐवजी चित्र टिपणारा सेन्सरच हलवून चित्र स्थिर करतात. ही कल्पना मिनोल्टाने 2003 च्या डिमाज ए1 मध्ये आणली. सेन्सर जागेवर धरला जातो तो चुंबक आणि विजेच्या जोरावर. वीज गेली की बऱ्याच मॉडेलमध्ये त्याला धरणारं कुणी उरत नाही. लिनियर मोटरवर (सरळ रेषेत सरकवणाऱ्या मोटरवर) फोकस करणाऱ्या काही लेन्सही बंद असताना अशाच आपटतात, कारण त्यांची फोकसची भिंगंही तेव्हा मोकळी असतात.

स्टॅबिलायझर चालू असतानाच बॅटरी काढली किंवा लेन्स उतरवली, तर लेन्सचा खटका लागायचा राहून जातो आणि ती खुळखुळू लागते. पुन्हा लावा, कॅमेरा चालू करा, घरघर थांबेपर्यंत थांबा, मग बंद करा.

पण हे तपासण्यासाठी कॅमेरा हलवत बसू नका. मित्रांना हलवून दाखवणारेही भेटले आहेत मला.

प्रश्न : व्हिडिओत सतत ‘सूं’ ऐकू येतं. प्रत्यक्षात इतका आवाज नसतो.

उत्तर : कॅमेऱ्याचा माइक लेन्सपासून चार बोटांवर असतो आणि बोलणारा माणूस चार हातांवर. शिवाय लेन्सची थरथर कॅमेऱ्याच्या अंगातूनही माइकपर्यंत पोचते. त्यात कोणी बोलत नसेल तर आवाजाची आपोआप पातळी ठरवणारी सोय माइकची संवेदनशीलता वाढवते, आणि ‘सूं’ अजून वर येते. ती सोय बंद करून पातळी हाताने ठेवा. बाहेरचा माइक घ्या, आणि तो कॅमेऱ्यावरच लावणार असाल तर निदान रबरी आधार असलेला घ्या. सगळ्यात बरं म्हणजे माइक बोलणाऱ्याजवळच न्या. फक्त चांगला माइक आणून कॅमेऱ्यावर ठेवला तर ‘सूं’च जास्त स्वच्छ ऐकू येईल.

प्रश्न : मग बिघाडाचा आवाज कोणता?

उत्तर : आधी चित्र पाहा, मग आवाज ऐका. स्टॅबिलायझर चालू केल्यावर व्ह्यूफाइंडरमधलं चित्र शांत होण्याऐवजी थरथरत असेल, एका बाजूला सरकत जाऊन झटक्याने परत येत असेल, किंवा बंद ठेवल्यावर फोटो चालू असतानापेक्षा स्पष्ट येत असतील, तर लेन्स कितीही गप्प असली तरी ती दुरुस्तीला द्या. आवाजाचं म्हणाल तर कराकरा घासल्यासारखा, चालू असतानाही खुळखुळणारा, किंवा लेन्स पडल्यानंतर पहिल्यांदा आलेला आवाज मी गंभीरपणे घेतो. लेन्ससोबत आवाजाचा मोबाइलवरचा व्हिडिओ द्या. दुरुस्तीच्या टेबलावर आल्यावर शहाण्यासारखं वागणाऱ्या लेन्स पुष्कळ असतात.

प्रश्न : झीज वाचावी म्हणून स्टॅबिलायझर बंदच ठेवला तर?

उत्तर : पैसे मोजून घेतलेली सोय वाचवून ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही. झूम 200 मिलिमीटरवर असताना कॅमेरा हातात धरून स्पष्ट फोटो हवा तर शटर साधारण 1/200 सेकंदच उघडा ठेवावा लागतो. स्टॅबिलायझरची चार स्टॉपची (दर स्टॉपला वेळ दुप्पट) मदत मिळाली तर 1/13 च्या आसपास जमतं, निदान समोरचा विषय स्थिर असेल तेव्हा. बंद ठेवायची जागा म्हणजे ट्रायपॉड. तिथे जुन्या लेन्स स्वतःचीच थरथर हाताची समजून दुरुस्त करायला जातात आणि चित्र पुसट करतात. नव्या बऱ्याच लेन्स ट्रायपॉड ओळखतात, पण रात्रीचं लांब एक्स्पोजर असेल तर मी तरीही बटण बंद करतो.