विंडोज ११ चं अपडेट आलं की लगेच टाकायचं की थांबायचं? लॅपटॉप एकच आहे, कामाचाही तोच.

दर महिन्याचं सिक्युरिटी अपडेट तीन-चार दिवसांत टाकून मोकळे व्हा, वर्षातून एकदा येणारं मोठं व्हर्जन (२४एच२, २५एच२ वगैरे) मात्र महिना-दोन महिने खुशाल लांबवा. सिक्युरिटी पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतो, आपल्याकडे रात्री साडेदहा-साडेअकराला, आणि त्यासोबत कुठली भोकं बुजवली तेही जाहीर होतं, म्हणजे हल्लेखोरांना आयताच पत्ता मिळतो. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या २०१७ च्या वॉनाक्राय व्हायरसवरचा पॅच मार्चमध्येच आला होता, हल्ला झाला १२ मेला, पॅच न टाकलेलेच अडकले. महिनाअखेरीला 'प्रीव्ह्यू' नावाने येतं ते ऑप्शनल असतं, त्याच्या नादी लागू नका, त्यातलं सगळं पुढच्या महिन्यात येतंच.

टाकताना एवढं बघा:
- चार्जर लावलेला, फायलींची कॉपी बाहेरच्या डिस्कवर
- बिटलॉकरची (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) ४८ आकडी रिकव्हरी की आधीच शोधून लिहून ठेवा, बहुतेकदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. कधीकधी अपडेटनंतर चालू करताना निळ्या स्क्रीनवर तीच मागतात आणि मग धावपळ होते
- 'अॅक्टिव्ह अवर्स' कामाच्या वेळेचे ठेवा, नाहीतर ऐन मीटिंगमध्ये रीस्टार्ट व्हायचा. डेडलाइन असेल तर पॉज करा

फक्त लॅपटॉप कंपनीने दिलेला असेल तर यातलं काहीच स्वतःहून करू नका, आधी आयटीवाल्यांना विचारा.