पोकरमध्ये हातात एक्क्यांची जोडी असतानाही पत्ते कधी टाकावेत?

तुम्ही लिहिलंय की एक्के किंवा राजे हातात आले की फोल्ड करवत नाही, म्हणजे पत्ते टाकून डाव सोडवत नाही, आणि सगळ्यात मोठे डाव त्याच पत्त्यांवर जातात. माझं दोन वर्षं असंच चाललं होतं. आम्ही सोलापुरातल्या ‘जुळे सोलापूर’ भागात गच्चीवर खेळतो, उन्हाळ्यात रात्री साडेदहानंतर, फरशी जरा निवल्यावर. पैसे नाहीत, चिंचोके असतात. तरी असा डाव गेला की मला झोप लागत नाही.

माझ्या मते याचं मूळ तीन पत्तीत आहे. आपण दिवाळीत तीच खेळत वाढलो. तिथे हातातले तीन पत्ते शो होईपर्यंत तेच राहतात. जोडी आली की ती चांगलीच, कारण समोरच्याकडे जवळपास चारपैकी तीन वेळा जोडीसुद्धा नसते. होल्डेममध्ये, म्हणजे आम्ही खेळतो त्या पोकरमध्ये, मात्र हातात दोनच पत्ते असतात, टेबलावर एकेक करत पाच पत्ते उघडतात आणि ते सगळ्यांचे असतात. प्रत्येक पत्त्यागणिक तुमच्या एक्क्यांची किंमत बदलते. एकच जण समोर असेल तर एक्के शंभरात साधारण 85 वेळा जिंकतात. पाच जण शेवटपर्यंत टिकले तर जेमतेम निम्म्या वेळा. म्हणून सुरुवातीलाच जोरात वाढवायचं आणि गर्दी कमी करायची.

मला हे ज्या डावात कळलं तो सांगतो. माझ्याकडे इस्पिक आणि किलवरचे एक्के. टेबलावर बदाम गुलाम, बदाम दश्शी, इस्पिक चौकी. मी लावलं, दोघांनी कॉल केलं, म्हणजे तेवढेच चिंचोके घातले. चौथा पत्ता आला बदाम नव्वी. मी पुन्हा लावलं, आणि शेजारचे काका, निवृत्त शिक्षक, संध्याकाळभर नुसते कॉल करत बसलेले, त्यांनी तिप्पट केलं. मी कॉल केलं. पाचव्या पत्त्यावरही केलं. त्यांच्याकडे बदाम एक्का आणि बदाम राणी, म्हणजे टेबलावरचे तीन धरून पाच बदाम, फ्लश. त्यांनी वाढवलं तेव्हाच मला जिंकवेल असा एकही पत्ता गड्डीत उरला नव्हता. चौकट एक्का आला असता तरी तीन एक्के फ्लशपुढे हरलेच असते. काका म्हणाले, ‘‘अरे, मी कधी वाढवतो का?’’

तेव्हापासून मी आधी हातातल्या पत्त्यांकडे नाही, तर वाढवणाऱ्याकडे बघतो. हा माणूस या टेबलावर, या क्षणी, माझ्यापेक्षा कमी पत्त्यांवर एवढे लावेल का? कायम उड्या मारणारा पोरगा असेल तर लावेल, आणि मग मी राहतो. काका असतील तर नाही. मग हिशोब: मध्ये 60 चिंचोके आहेत, त्यांनी 30 लावले. मी 30 घालून 90 जिंकायला बघतोय, म्हणजे चारपैकी एकदा तरी जिंकायला हवं. काकांपुढे, तीन बदाम उघडे असताना, माझी एक जोडी चारात एकदा जिंकेल असं मनापासून वाटत नसेल तर पत्ते टाकायचे. आधी घातलेले चिंचोके या हिशोबात धरायचेच नाहीत. ते आता मधल्या ढिगातले आहेत, माझे नाहीत. मला सगळ्यात जड हेच गेलं, कारण एक्के सरासरी 221 डावांत एकदा येतात आणि तासन्‌तास वाट पाहून मिळालेलं सोडताना जीव तुटतो.

गेल्या दिवाळीत राजे आले होते. टेबलावर तीन इस्पिकं, माझ्याकडे इस्पिक नाही, काकांनी वाढवलं. मी टाकले. त्यांनी आपले पत्ते उलटेच गड्डीत सरकवले. काय होतं ते मला आजही माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही.