अनोळखी परिसरात भाड्याचे घर

प्रश्न : बदलीमुळे आम्ही मुलांसह नागपूरहून पुण्यात वाघोलीला येत आहोत. भाड्याचे घर ठरवताना काय पाहावे?

उत्तर : अनामत रक्कम देण्यापूर्वी त्या सोसायटीतील एखाद्या रहिवाशाला भेटून उन्हाळ्यात पाणी कितपत येते, टँकर मागवावे लागतात का आणि त्यांचा खर्च भाडेकरूवर पडतो का, हे आवर्जून विचारावे. शाळेचा रस्ता सकाळच्या गर्दीत स्वतः पाहावा. करार तोंडी मुळीच ठेवू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. अनामत परत मिळण्याची मुदत आणि घर सोडताना रंगकामाचा खर्च कोणी करायचा, हे त्यात स्पष्ट लिहून घ्यावे, कारण बहुतेक कटुता तेथेच निर्माण होते.