बटईने दिलेल्या जमिनीवरचा पीएम किसानचा हप्ता थांबला आहे, तो पुन्हा कसा सुरू करावा?

आपण पुण्यात नोकरी करता, गावाकडची जमीन बटईने दिलेली आहे आणि हप्ता अचानक थांबला, असे आपण लिहिले आहे. ई-केवायसी, आधारशी जोडलेले बँक खाते आणि जमिनीची नोंद यांपैकी काय अडले आहे, ते पोर्टलवर लाभार्थी स्थितीत दिसते. मात्र मागील करनिर्धारण वर्षात आपण किंवा आपल्या पत्नीने आयकर भरला असेल, तर आपण या योजनेत बसतच नाही आणि घेतलेले हप्तेही परत करावे लागतात.

माझे खरे म्हणणे पुढे आहे. मी परभणी जिल्ह्यात स्वतःच्या शेताबरोबर थोरल्या चुलतभावाचे शेत निम्म्या बटईने करतो. बियाणे आणि खत निम्मे-निम्मे, राबणे सगळे माझे. 2025 च्या खरिपात त्यांच्या सोयाबीनची ई-पीक पाहणी मीच केली. ॲपमध्ये खातेदार म्हणून दादांचे नाव निवडायचे, गट क्रमांक घालायचा आणि चिखलात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत त्याच सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले. पंचनाम्याच्या वेळी बांधावर मी उभा होतो, आणि जिरायतीचे हेक्टरी 8,500 रुपये दादांच्या खात्यात गेले. मी विषय काढला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "सातबारा ज्याचा, अनुदान त्याचे."

नियमाने ते बरोबर आहेत, आणि माझा राग त्या नियमावरच आहे. 2019 मध्ये पीएम किसान सुरू झाली तेव्हा निदान दोन हेक्टरांची मर्यादा होती. त्याच वर्षी तीही काढली गेली, म्हणजे पन्नास एकरवाला चालतो, पण बटईदार चालत नाही. राज्याची नमो शेतकरी योजना याच लाभार्थ्यांना आणखी 6,000 रुपये देते, त्यामुळे वर्षाचे 12,000 रुपये शेतात पाय न ठेवणाऱ्याला मिळू शकतात. हे अटळ होते असे कोणी सांगू नये, कारण ओडिशाच्या कालिया योजनेने वाटेकऱ्यांना सामावून घेतले आणि आंध्र प्रदेशाने 2019 मध्ये कसणाऱ्यांसाठी अकरा महिन्यांच्या कराराचा कायदा केला, ज्यात मालकी हक्काला धक्का लागत नाही.

आपल्याकडे मालक कागदावर सही करत नाहीत, कारण कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर कायद्याने हक्क सांगेल, ही भीती. मराठवाड्यात 1950 च्या हैदराबाद कूळ कायद्याची आठवण अजून ताजी आहे, त्यामुळे ही भीती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पण बटई तोंडी ठेवायची, नुकसान बटईदाराने अर्धे सोसायचे आणि भरपाई मात्र पूर्ण मालकाने घ्यायची, हा व्यवहार मला मान्य नाही. पीक विम्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार चालतो. वकिलाकडून मुदत स्पष्ट लिहून घेऊन तो करावा, म्हणजे निदान विमा तरी कसणाऱ्याच्या नावाने निघेल.

जमीन नावावर असलेली एखादी विधवा किंवा अंथरुणाला खिळलेले वडील यांच्याबद्दल मी हे बोलत नाही. त्यांना हप्ता मिळालाच पाहिजे. आपण मात्र नोकरदार आहात. हप्ता पुन्हा सुरू झाला तर तो आपण ठेवावा, कायदा आपल्या बाजूने आहे. अतिवृष्टीचे पैसे आले की त्यातला निम्मा वाटा न मागता बटईदाराच्या खात्यात टाकावा. दादांनी अजून टाकलेला नाही.