मनाली ते मनाली, पाच दिवसांत स्पिती होईल का?

नाही होणार. म्हणजे हिमाचलातल्या त्या उंच, कोरड्या खोऱ्यातून गाडी फिरून येईल हो, पण तुम्ही काझातल्या (तिथलं मुख्य गाव) खोलीत डोक्याला रुमाल बांधून पडलेले असाल.

तुमचा बेत असा आहे: जूनच्या अखेरीस मनालीहून निघायचं, पहिला मुक्काम चंद्रतालला, मग की मठ, किब्बर, हिक्कीम, लांग्झा, पिन, ढंकर, ताबो आणि परत मनाली. सोबत ६२ वर्षांची आई. यातलं एकही ठिकाण वाईट नाही. क्रम मात्र उलटा आहे, आणि ह्याच क्रमाने २०१८ मध्ये मी हात पोळून घेतलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही फलटणचे चौघं. दर पावसाळ्यात किल्ले, हिवाळ्यात सुळके, त्यामुळे अंगात मस्ती भरपूर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्राचं सगळ्यात उंच टोक. मनाली गावच त्याच्या वर, २००० मीटरच्या पुढे. आणि चंद्रताल साधारण ४२५० मीटर. हे आकडे आम्ही वाचले होते, पण ते वाचून घाबरायचं असतं हे कोणी सांगितलं नव्हतं. सकाळी मनाली सोडली, रोहतांगची खिंड ओलांडली, संध्याकाळी तळ्याजवळच्या तंबूत. सातला एकाचं डोकं दुखायला लागलं. नऊला माझं. अकरापर्यंत चौघांपैकी तिघं आळीपाळीने तंबूबाहेर ओकत होतो, आणि चौथा, ज्याला आम्ही आयुष्यभर 'जाड्या' म्हणून चिडवलं, तो ठणठणीत बसून सगळ्यांना पाणी पाजत होता. विरळ हवा कोणाला लागेल ते तब्येतीवरून सांगता येत नाही, हे त्या रात्री कळलं. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण ६० टक्के असतो. शरीर सावरतं, पण दिवस घेऊन सावरतं. घाई केली की वसूल करतं.

खरी अडचण पुढे आहे. असं झालं की औषध एकच, खाली उतरणं. चंद्रतालहून काझाकडे उतरायचं तर आधी ४५५१ मीटरची कुंझुम खिंड चढावी लागते, आणि मनालीकडे परतायचं तर दगडगोट्यांतून, ओढ्यांतून कित्येक तासांचा रस्ता. फोनला रेंज नाही. आम्ही तिशीतले होतो, निभावलं. सकाळी ते प्रसिद्ध निळं पाणी बघितलं ते एका डोळ्याने, कारण दुसरा उघडत नव्हता. आईंना पहिल्याच रात्री तिथे नेऊ नका. अटल बोगद्यामुळे २०२० पासून रोहतांग टळतो, प्रवास सोपा झालाय, पण उंची तेवढीच आहे. उलट आता ती आणखी लवकर गाठता येते, म्हणून धोका थोडा वाढलाच म्हणायचा.

मग दुसऱ्यांदा, २०२२ च्या सप्टेंबरात, मी थोरल्या बहिणीला घेऊन गेलो. ताई तेव्हा ५८ ची, रक्तदाबाची गोळी चालू. या वेळी सिमल्याकडून. पहिला मुक्काम सराहन, पुढचे दोन कल्पाला, मग थेट ताबो, तिथेही दोन रात्री, आणि मग काझा. कल्पा २९६० मीटर, ताबो ३२८०, काझा साडेतीन हजारांच्या वर. तीन हजारांच्या पुढे गेल्यावर झोपायची जागा रोज चार-पाचशे मीटरपेक्षा जास्त वर सरकवायची नाही, एवढा एक हिशोब सांभाळला. दिवसा वर जाऊन यायला हरकत नाही, झोपायला खाली या. वाटेतलं नाको ३६०० च्या वर आहे, म्हणून तिथे फक्त जेवलो, तळ्याला चक्कर मारली आणि उतरलो. निघण्याआधी डॉक्टरांना विचारून डायमॉक्स, म्हणजे विरळ हवेच्या त्रासावरची गोळी, बरोबर ठेवली होती. स्वतःच्या मनाने घेऊ नका, विशेषतः आईंना आधीची काही औषधं चालू असतील तर. पूर्ण प्रवासात ताईला एकदाच डोकं दुखलं, तेही चहा न मिळाल्यामुळे.

या रस्त्याचा दुसरा फायदा असा की वाळवंट तुमच्यासमोर हळूहळू उघडतं. कल्पापर्यंत देवदार, सफरचंदाच्या बागा, समोर किन्नर कैलास. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते, आणि तो पूल ओलांडून गाडी वळणं घेत वर चढली की हिरवा रंग संपतो. ताईने खिडकीतून बघून विचारलं, "इथे आग लागली होती का रे?" आम्ही माणदेशाच्या उंबऱ्यावरची माणसं, आम्हाला हे कळायला हवं. महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि तिथून काही तासांवर म्हसवड-दहिवडीला जेमतेम पाचशे, कारण ढग घाटमाथ्यावरच रिकामे होतात. स्पितीत तीच गोष्ट, फक्त घाटमाथ्याच्या जागी पाच-सहा हजार मीटरच्या हिमालयाच्या रांगा. पावसाळी वारे पलीकडेच अडतात. जे काही पिकतं ते बर्फाच्या वितळलेल्या पाण्यावर, डोंगरातून पाट काढून: वाटाणा, सातू, ताबोकडे सफरचंद. राखाडी डोंगरात मधेच हिरव्या चौकटी दिसल्या की समजायचं तिथे गाव आहे.

आता लांग्झा. तुमच्या यादीतलं हिक्कीम लोक तिथल्या एवढ्या उंचावरच्या टपाल कार्यालयासाठी बघतात. पत्र टाकलं, फोटो काढला, वीस मिनिटांत उरकतं. लांग्झाला मात्र अर्धा दिवस द्या, जमलं तर रात्रही, पण काझात दोन रात्री काढल्यानंतर, कारण गाव ४४०० मीटरवर आहे. मागे चौ चौ कांग निल्दा हे सहा हजारी शिखर, पुढे मोठी बुद्धमूर्ती, आणि पायाखाली समुद्र. खरंच समुद्र. हा सगळा भाग टेथिस समुद्राचा तळ होता. भारताचा भूखंड आशियाला येऊन भिडला तसा तो तळ घडी पडून वर उचलला गेला, आणि त्यातले शंखासारखे जीव, अमोनाइट, काळ्या गोट्यांत दगड होऊन बसलेत. साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीचे. आपला सह्याद्री ज्या लाव्हाचा बनला तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे हा गोटा आपल्या सगळ्या किल्ल्यांच्या कातळापेक्षा जुना.

गावातल्या एका मुलाने ओंजळीत तसा गोटा आणून दाखवला. दोन भागांत फुटलेला, आत गोल गोल चक्र. ताईने हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाली, "अरे, हा तर आपल्या देव्हाऱ्यातला." आमच्या आजीचा शाळिग्राम तिच्याकडे आहे. तिचं बरोबर होतं. गंडकीतले शाळिग्राम म्हणजे त्याच समुद्रातले अमोनाइट, फक्त नेपाळच्या बाजूला वर आलेले. तिने तो कपाळाला लावला आणि मुलाला परत दिला. त्याला विकायचा होता, तो जरा हिरमुसला. तुम्हालाही कोणीतरी देऊ करेल, घेऊ नका. आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या बाई म्हणाल्या की एकेक करत उतारावरचे पार संपत आलेत.

हे एवढं लांबलं, बाकीचं थोडक्यात सांगतो. की मठ लांबून, खालच्या वळणावरून बघा, तिथून तो डोंगराला चिकटलेल्या मधाच्या पोळ्यासारखा दिसतो. चिचमचा पूल भीतीदायक आहे आणि पाच मिनिटांचा आहे. पिन खोऱ्याला जायचं तर मुध गावात राहायचं, नाहीतर जाऊच नये. जाऊन-येऊन अर्धा दिवस गाडीत जातो आणि त्या खोऱ्यातले डोंगरांचे रंग (जांभळा, गंजका, हिरवट) संध्याकाळच्या तिरप्या उन्हातच दिसतात. ताबोचा मठ निसर्गात मोडत नाही, पण वगळू नका. इ. स. ९९६ चा, बाहेरून मातीचं कोठार वाटावं असा, आत काळोख, भिंतीभर चित्रं. फोटोला मनाई आहे, विजेरी न्या. आणि आकाश बघायचं असेल तर तिकिटं काढताना कालनिर्णय उघडून अमावास्या कधी आहे तेवढं बघा.

जूनच्या अखेरीबद्दल. स्पिती कोरडी आहे, पण स्पितीला जाणारे रस्ते कोरडे नाहीत. कल्पाकडच्या किन्नौरमध्ये जुलै-ऑगस्टात दरडी कोसळतात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये निगुलसरीला बससकट माणसं गाडली गेली होती. मनालीच्या बाजूला २०२३ च्या जुलैत अवेळी बर्फ पडून चंद्रतालला अडीचशेहून जास्त पर्यटक अडकले होते. मी घाबरवत नाही. माझा सल्ला इतकाच की शक्य असेल तर जूनचा पहिला पंधरवडा किंवा थेट सप्टेंबर धरा. सप्टेंबर मला जास्त आवडला, ओढ्यांना पाणी कमी असतं. कुठल्याही महिन्यात मनाली-चंद्रताल रस्त्यावरचा छतडू-बातलचा टप्पा सकाळी लवकर पार करा, कारण ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी चाकं बुडवतो. परतीचं विमान त्याच दिवशीचं काढू नका, मधे एक दिवस मोकळा ठेवा.

काझात एटीएम आहे, त्याच्या भरवशावर राहू नका, रोख न्या. भारतीयांना परवाना लागत नाही. गावातल्या घरांमध्ये उतरलात तर संडास कोरडा असतो, पाण्याऐवजी माती टाकायची. आईंना आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी कळलं की त्रास होतो. सरकारी दवाखाना काझाला आहे.

तर मग पाच दिवसांत काय करायचं? रजा वाढत नसेल तर स्पिती सोडा आणि सराहन, सांगला, कल्पा करा. त्यात कमीपणा काही नाही, आईंना बहुतेक तेच जास्त आवडेल. रजा नऊ दिवसांची मिळत असेल तर सिमल्याकडून चढा, आणि कुंझुमचा रस्ता उघडा असेल तर शेवटी त्या बाजूने मनालीला उतरा. म्हणजे चंद्रताल सुटत नाही, फक्त शेवटच्या रात्री येतं, शरीर तयार झालेलं असतं. आम्ही तसंच केलं. गाडी अलीकडेच थांबवावी लागते, तिथून थोडं चालायचं, आणि काठावर तंबू ठोकायला परवानगी नाही. ताई हळूहळू चालत पाण्यापाशी गेली, दोन्ही डोळ्यांनी बघून आली, आणि रात्री दोन वाट्या थुकपा (तिकडचं शेवयांचं गरम सूप) खाऊन झोपली.

ढंकरला मात्र मठाच्या वरचं तळं आईंसाठी सोडून द्या. तासाभराची खडी चढण आहे. मी गेलो होतो, ताई मठाजवळच्या कट्ट्यावर बसली. वर पाणी जवळजवळ आटलेलं होतं. खाली आलो तर ही तिथेच, समोर पिन आणि स्पितीचा संगम पसरलेला, नदीचे दहा-बारा फाटे वाळूत वेगळे होतायत आणि परत मिळतायत. मला म्हणाली, "बस जरा, तो डावीकडचा फाटा मघापासून रंग बदलतोय." मीही बसलो. खरंच बदलत होता.

तिकिटं अजून काढली नसतील तर मनालीऐवजी चंदीगडपर्यंतचीच काढा, तिथून सिमल्याकडे वळता येतं.