भरतीचं गाणं

प्रिय मित्रा,

‘पॅरानॉइड’ गिटारवर दोन दिवसांत बसलं, आता काहीतरी अवघड द्या, असं तू लिहिलंस. तू पाठवलेलं ऐकलं. बोटं बसली आहेत, गाणं अजून नाही.

1970 मध्ये लंडनला ब्लॅक सबाथ या चौघांच्या ब्रिटिश रॉक बँडचा दुसरा अल्बम रेकॉर्ड होत होता. नाव ठरलेलं ‘वॉर पिग्ज’. कव्हरवरचा ढाल-तलवारवाला त्याच नावासाठी काढलेला. गाणी कमी पडली. तीनेक मिनिटांची भर हवी होती. बाकीचे जेवायला गेले असताना गिटारवाल्या टोनी आयोमीला रिफ, म्हणजे गाण्यात परतपरत येणारा छोटा तुकडा, सुचला, बेसवाल्या गीझर बटलरने घाईत शब्द लिहिले, गायक ऑझी ऑस्बॉर्नने ते कागदावर बघत गायले. तेच ‘पॅरानॉइड’. शीर्षकातला शब्द गाण्यात एकदाही येत नाही! ही भर ब्रिटनच्या गाण्यांच्या क्रमवारीत चौथी आली आणि अल्बमलाही तिचंच नाव लागलं.

जेवणाच्या सुट्टीची ही गोष्ट तुझ्या वयाच्या पोरांना फार आवडते. पण त्याआधी हे चौघे हॅम्बुर्गच्या स्टार-क्लबमध्ये दिवसाला कित्येकदा स्टेजवर चढत होते. त्याच्याही आधी, सतरा वर्षांच्या आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात तुटली, तीही नोकरीच्या शेवटच्या दिवशी. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच गेला. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, तारा पातळ लावल्या. तो रिफ या बोटांतून आलाय.

आता तुझं. बाराव्या फ्रेटवरची (गिटारच्या दांड्यावरच्या पट्टीवरची) सुरुवात सगळ्यांनाच येते. तू घसरतोस ती पुढच्या धडधडीत. तिथे तळहाताची कड तारांवर टेकव, लय निम्म्यावर आण आणि डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाडणारा परिणाम, बंद कर. कच्चं काय आहे ते लगेच कळेल. सोलोतल्या खरखरीसाठी पेडल शोधत हिंडू नकोस. ती रिंग मॉड्युलेटर या आवाज बदलणाऱ्या उपकरणाची आहे, आणि तुझं दुखणं ते नाही.

5 जुलै 2025 ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क स्टेडियमवर हे चौघे शेवटचे एकत्र वाजले. शेवटचं गाणं हेच होतं. ऑझी सिंहासनावर बसून गायला. सतरा दिवसांनी गेला. ते चित्रण बघ. ऑझीकडे बघत बसशील, मीही बसलो होतो. दुसऱ्यांदा लावशील तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांच्या आयोमीचा उजवा हात बघ.

रविवारी ये. अँप आणू नकोस.

तुझा,
काका