वेळमर्यादा नसलेले, अर्धवट सोडलेले डाव साइटवर कसे हाताळावेत?

आपल्या बुद्धिबळाच्या साइटवर वेळमर्यादा नसलेले शेकडो डाव अर्ध्यावर पडून आहेत. ते पुसावेत की गैरहजर खेळाडूला पराभूत ठरवावे, असे आपण विचारले आहे. यांपैकी काहीही आपोआप करू नये, असे माझे मत आहे.

पुण्यात कोथरूडमधल्या मित्रमंडळींसाठी मी एक छोटी साइट चालवतो. पंधरा दिवस खेळी झाली नाही की डाव बंद व्हावा आणि ज्याची पाळी असेल तो हरलेला धरला जावा, अशी सोय मी सुरुवातीला केली होती. एके दिवशी सदाशिव पेठेतल्या एका काकांचा फोन आला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना मोबाइल पाहायला मनाई होती. तेविसावी खेळी त्यांनी दिनदर्शिकेच्या पाठीमागे लिहून ठेवली होती आणि डावात त्यांचा एक हत्ती जास्त होता. "वेळमर्यादा नाही असे तुम्हीच लिहिले आहे ना? मग मी हरलो कसा?" मला उत्तर देता आले नाही.

लंडनच्या १८५१ च्या स्पर्धेत घड्याळ नव्हते आणि संथ खेळाबद्दल बऱ्याच तक्रारी झाल्या. पण निदान समोरचा माणूस खुर्चीत बसलेला तरी दिसत असे. इंटरनेटवर संथ खेळणारा आणि निघून गेलेला, दोघेही सारखेच दिसतात. खरी अडचण ही आहे आणि ती विचारल्याशिवाय सुटत नाही. उलट डाव सरसकट पुसले, तर हरत आलेला खेळाडू हार मान्य करण्याऐवजी नुसता गायब होतो.

म्हणून आता आमच्याकडे तीस दिवस शांतता राहिली की पाळी असलेल्या खेळाडूला ईमेल जातो. त्याने "खेळतो आहे" एवढे जरी कळवले, तरी मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. आणखी चौदा दिवस काहीच आले नाही, तर निर्णय प्रतिस्पर्ध्याकडे जातो: त्याने विजय घ्यावा, बरोबरी मान्य करावी, डाव रद्द करावा किंवा हवे तर वाट पाहत राहावे. जो इतर डाव रोज खेळतो आणि हरत आलेला तेवढाच टाळतो, त्याला मात्र मी सात दिवसांहून अधिक मुदत देत नाही. दोन्ही बाजूंच्या दोन खेळ्याही झाल्या नसतील, तर डाव सरळ रद्द करावा. वेळमर्यादा नसलेल्या डावांना रेटिंग (खेळाडूची ताकद दाखवणारा, निकालानुसार बदलणारा आकडा) मुळीच लावू नये; निम्मी भांडणे तिथेच मिटतात.

सर्व्हरवर जागा अडते, ही सबब खरी नाही. चाळीस खेळ्यांचा डाव मजकूर म्हणून काहीशे बाइटमध्ये मावतो, त्यामुळे बंद झालेले डाव चालू यादीतून काढावेत, पण खेळ्या जपून ठेवाव्यात. आपल्याकडे साचलेल्या जुन्या डावांसाठी मोजणी शेवटच्या खेळीपासून न करता नियम जाहीर केल्याच्या दिवसापासून करावी, नाहीतर पहिल्याच रात्री सगळ्यांना एकदम ईमेल जातील आणि दुसऱ्या दिवशी आपला फोन थांबणार नाही.